नोंदवह्या सर्वांसाठी खुल्या करणाऱ्या धुपकर मॅडम

डॉ. मालती धुपकर मॅडम यांची आणि माझी पहिली भेट वाराणसीतल्या त्यांच्या विभागात झाली. मी संशोधनासाठी साताऱ्याहून नुकताच आलो होतो. गंगेपलीकडच्या वाळूवर हिवाळ्यात किती पाणपक्षी बसतात, याच्या त्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदवह्या संगणकावर चढवण्याचे काम त्यांनी मला दिले. एका वहीत सलग आठ दिवसांचे रकाने कोरे होते. मागच्यापुढच्या आकड्यांची सरासरी काढून ते भरू का, असे मी विचारले.

"नको, ते खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या.

मी ते आठ दिवस तक्त्याच्या तळाशी नेऊन ठेवले. काशीत चार पिढ्या काढलेल्या घरातल्या मराठीत 'खाली' म्हणजे रिकामे, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी तक्ता पाहून त्या हसल्या. मग म्हणाल्या, "त्या आठवड्यात मला ताप होता. पक्षी आले की नाही, मला माहीत नाही. माहीत नाही तर लिहायचं कसं?"

भोसले घाटावरून रामसूरत निषाद यांच्या नावेतून त्या सकाळी निघत. पक्ष्यांच्या आकड्याशेजारी धुके, वारा, पाण्याची पातळी, नाव कोणती, हेही लिहीत. एवढे कशाला, असे आम्हा विद्यार्थ्यांना वाटे.

सुरय हा पाणपक्षी इथून झपाट्याने नाहीसा होत आहे, या निष्कर्षामुळे मॅडमचे नाव झाले. निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या नोंदी, वह्यांच्या छायाचित्रांसह, कोणालाही वापरता येतील अशा रीतीने इंटरनेटवर ठेवायचे ठरवले. मी विरोध केला. आयुष्यभराची मेहनत तुमची आणि लेख दुसरेच लिहितील, असे मी स्पष्ट सांगितले.

"लिहू द्या," त्या म्हणाल्या. "मी एका नदीचा एक तुकडा पाहिला. पक्षी संपले की दुसरीकडे गेले, हे चार गावांच्या नोंदी एकत्र आल्याशिवाय मला तरी कसं कळणार?"

काही काळाने आसाममधल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले. तिने मॅडमच्या नोंदी गंगाकाठच्या इतर गावांतल्या नोंदींशी जोडल्या होत्या. इतरत्र सुरय हळूहळू कमी होत गेले होते. वाराणसीत मात्र एका हिवाळ्यात आकडा एकदम कोसळला होता. त्याच हिवाळ्यात मॅडमच्या वहीत शेरा होता, 'वल्ह्यांऐवजी इंजिनाची नाव'. मोजण्याआधीच पक्षी उडून जात असतील का, असे तिने नम्रपणे विचारले होते.

मी म्हणालो, "खासगी पत्र आहे. खासगीत उत्तर देऊन टाकू."

मॅडमचा चेहरा उतरला होता. त्या मला घेऊन थेट घाटावर गेल्या. रामसूरत नावेला डांबर लावत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आपल्या बोलीत म्हणाले, "हम त तबै कहले रहली, मैडम. इंजन के आवाज से चिरई उड़ जाले." इंजिनाच्या आवाजाने पाखरे उडतात, हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

"हाँ, कहा था आपने," मॅडम म्हणाल्या. "मैंने सुना नहीं."

त्यांनी स्वतःच्या नावाने दुरुस्ती प्रसिद्ध केली. घट खरी आहे, पण मी सांगितली तेवढी नाही, असे लिहिले. चूक शोधण्याचे श्रेय त्या मुलीला दिले आणि नोंदींवर आपल्या नावाशेजारी निरीक्षक म्हणून रामसूरत निषाद हे नाव घातले. त्यानंतर एका परिषदेतले त्यांचे बीजभाषण दुसऱ्याकडे गेले. वाईट वाटल्याचे त्यांनी लपवले नाही. दुरुस्ती मात्र मागे घेतली नाही.

ती विद्यार्थिनी पुढे वाराणसीत आली, तेव्हा मॅडमनी तिला घरीच ठेवून घेतले. दोघींनी मोजणीची एकच पद्धत ठरवली. आज ती अनेक गावांतले लोक वापरतात, आणि सर्वांच्या नोंदी सर्वांना दिसतात. माझ्याही नोंदी त्यांत आहेत. पहिल्याच महिन्यात कोणीतरी त्यांत दोन चुका दाखवल्या. मी मॅडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणीतरी वाचतंय."

मॅडम आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. गुडघे त्रास देतात, पण हिवाळ्यातली मोजणी त्यांनी सोडलेली नाही. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, नजर पलीकडच्या वाळूपर्यंत पोहोचत राहो, आणि त्यांच्या चुका त्यांनाच निर्धास्तपणे सांगणारी माणसे त्यांना पुढची पुष्कळ वर्षे भेटत राहोत.