आवडाबाईंच्या गच्चीवरचं ऊन

कळव्यात खाडीच्या अंगाला आवडाबाई कोळणीचं घर होतं. खाली त्या आणि त्यांचा लेक मोरू राहायचे. वर एकच खोली, आणि खोलीपुढे ऐसपैस उघडी गच्ची. ब्याण्णवच्या दिवाळीनंतर त्या खोलीत कलावती आणि तिचा नवरा पोपट भालेकर भाड्याने राहायला आले. पोपट वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात कामाला होता. कलावती घरी ब्लाउज शिवायची.

खोली दाखवतानाच आवडाबाईंनी दोन गोष्टी सांगून टाकल्या होत्या. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आणि वरच्या खोलीच्या लाइटीचा खटका त्यांच्या हातात राहणार. हा खटका जिन्याखाली होता. टीव्हीवरच्या हिंदी बातम्या संपल्या की आवडाबाई जिन्याखाली जायच्या, खटका खाली ओढायच्या, आणि वरची खोली गुडुप अंधारात जायची.

"मावशी, एवढ्या लवकर?" कलावतीने सुरुवातीला विचारून पाहिलं.

"रातचा करंट भिंतीन मुरतं गो," आवडाबाई म्हणाल्या. "मंग भिंत ओली व्हते."

पोपटला तर ही व्यवस्था पसंत होती, कारण तो पडल्या पडल्या घोरायचा. पंचाईत कलावतीची होती. दिवसा पाणी, स्वयंपाक, मापं द्यायला येणाऱ्या बाया. हुक-काजाचं बारीक काम उरायचं ते जेवणं झाल्यावर. एकदा तिने ते मेणबत्तीच्या उजेडात उरकलं. दुसऱ्या दिवशी तुळसा नावाची नर्स ब्लाउज घेऊन परत आली. कलावतीने दोन्ही पट्ट्यांना हुकच लावले होते.

"आता हे हुक अडकवू कशात?" तुळसाने विचारलं. "मनात?"

कलावती हसली खरी, पण तिला ते फार लागलं. तिच्या हातचं काम आजवर कुणी परत आणलेलं नव्हतं.

त्याच महिन्यात भिशीत तिचा नंबर लागला. मिक्सर घ्यायचा असं नवरा-बायकोचं ठरलेलं होतं. ठाण्याला गावदेवी मैदानात गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे दोघं गेली. पोपट वडापावच्या रांगेत थांबला आणि कलावती मिक्सर शोधत एका भलत्याच स्टॉलपाशी पोचली. तिथे टेबलावर एक निळसर काचेची फळी उन्हात तिरकी ठेवली होती आणि तिला जोडलेला एक एवढासा पंखा गरगर फिरत होता. स्टॉलवरच्या टकल्या गृहस्थाने काचेवर हात धरला, पंखा थांबला. हात काढला, फिरायला लागला.

"मी करून बघू?" कलावतीने विचारलं.

तिने हात ठेवला, काढला. परत ठेवला, परत काढला. मग पदर टाकून पाहिला. मग नुसती करंगळी. मागे लोक खोळंबले.

"ताई, घेणार आहात का नुसताच खेळवणार?" टकले गृहस्थ म्हणाले.

"रात्री काय करायचं?"

त्यांनी टेबलाखालची बॅटरी दाखवली. दिवसभराचं ऊन हिच्यात साठतं आणि रात्री त्यावर एक छोटी ट्यूब जळते. मधे एक डबी होती, बॅटरी पुरती भरली की तिच्यावर हिरवा ठिपका उजळायचा.

"भिंतीत खिळा मारावा लागतो?"

"नाही."

"जिन्याखालचा खटका बंद केला तर?"

गृहस्थांना हा प्रश्न नीटसा कळला नाही. पण ते म्हणाले, "याचा कुठल्याच खटक्याशी संबंध नाही."

वडापाव घेऊन पोपट आला तेव्हा सामान बांधून झालं होतं.

"मिक्सर कुठाय?" त्याने विचारलं. "आणि हा काचेचा पाट कुणाला बसायला?"

"हा सूर्याचा दिवा आहे."

"कले, लोक म्हणतील पोपटचा पोपट केला बायकोने."

परतताना रिक्षात कलावतीने ती फळी मांडीवर घेतली होती, काच बाहेरच्या बाजूला करून. खाडीच्या पुलावर ऊन आलं तशी तिने ती आणखी बाहेर कलती केली. अजून बॅटरीला जोडलेली नव्हती, तरी ऊन वाया जाऊ नये असं तिला वाटत होतं.

खिळा ठोकायचा नव्हता, म्हणून तिने मोडक्या फोल्डिंगच्या खाटेचा सांगाडा गच्चीत उभा केला, त्यावर फळी सुतळीने बांधली, आणि पायांना विटांची टेकणं दिली. वायर खिडकीतून आत. बॅटरी मशीनखाली. ट्यूब मशीनवरच उभी बांधली. सगळं कसं अंथरुणासारखं, केव्हाही गुंडाळून नेता येईल असं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी दिवा लागलाच नाही. पोपटने एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि शहाण्यासारखा अंथरुणात शिरला. कलावती रात्रभर कूस बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडत फळीसमोरच बसून राहिली, तेव्हा चोर सापडला. दुपार कलली की पाण्याच्या टाकीची सावली सरकत सरकत यायची आणि फळीच्या एका कोपऱ्यावर बसायची. फक्त कोपरा झाकला जायचा, पण तेवढ्याने सगळा कारभार ठप्प. मग तिने रीत बसवली. सकाळी फळीचं तोंड पारसिकच्या डोंगराकडे, दुपारी टाकीपासून लांब, कलत्या उन्हात ठाण्याकडे.

त्या संध्याकाळी बातम्या संपल्या, खटका पडला, खोलीतला बल्ब विझला. कलावतीने मशीनवरचं बटण दाबलं. पांढरा स्वच्छ उजेड हातातल्या ब्लाउजवर पडला. तिने सुईत दोरा ओवला, पहिल्याच फटक्यात. पोपट अंथरुणातून उठून बसला आणि बायकोच्या बोटांकडे बघत राहिला.

जिन्यावर धपधप पावलं वाजली.

"गो कलावती! मी खटका पारला ना? मंग तुजा दिवा कसा प्येटतं?"

"हा उन्हाचा आहे, मावशी."

"ऊन कंय आता? आकरा टाकलास कं खांबावं?"

आकडा टाकून वीज चोरल्याचा आळ! कलावतीने त्यांना हाताला धरून जिन्याखाली नेलं. वरचा दिवा चालू, खालचंही सगळं बंद करून पाहिलं, आणि मीटरची चक्री जागच्या जागी गप्प. आवडाबाई नाक मीटरला लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. चक्री हलली नाही. "मरूंदे," एवढंच म्हणून त्या झोपायला गेल्या. पण त्यांच्या घरात एक दिवा त्यांना न विचारता जळतोय, हे त्यांच्या मनातून जाईना.

खरं भांडण पेटलं ते बोंबलांवरून.

आवडाबाईंची बहीण उत्तनहून बोंबील पाठवायची. ते गच्चीत दोऱ्यांवर लटकायचे आणि खाली चटईवर खाडीतला जवळा पसरलेला असायचा. एका सकाळी त्यांनी बोंबील चाचपले आणि कमरेवर हात ठेवून कलावतीच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुजी काच माजा ऊन पिते. बोंबील सुकत नाय."

"अहो मावशी, उलट तुमच्या बोंबलांची सावली माझ्या काचेवर पडते! काल हिरवा ठिपकासुद्धा आला नाही."

"माज्या गच्चीवं माज्या बोंबलाची सावली परल नाय तं कोनाची परल?"

कलावतीने फळी हलवली, आवडाबाईंनी दोरी हलवली. दिवसभर फळी आणि दोरी एकमेकींच्या मागे गच्चीभर फिरत राहिल्या. पोपट संध्याकाळी कामावरून यायचा तेव्हा त्याला दार गाठण्यासाठी कधी वायरीखालून वाकावं लागायचं, कधी बोंबलांमधून वाट काढावी लागायची.

हे आठवडाभर चाललं. मग एक दिवस कलावती ब्लाउज पोचवायला ठाण्याला गेली. परत आली तर आवडाबाई गच्चीतच बसलेल्या, आणि फळी चटईच्या अगदी डोक्याशी आणून ठेवलेली.

"मावशी, हे काय?"

"गप. कावले बघ."

समोरच्या कौलांवर कावळे ओळीने बसले होते. एरवी जवळा पसरला की आवडाबाईंना हातात काठी घेऊन दिवस काढावा लागायचा. आज एक कावळा उडाला, चटईकडे झेपावला, काचेवरून उन्हाची तिरीप त्याच्या डोळ्यात गेली तसा कर्कश ओरडत माघारी वळला. आवडाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. काठी कोपऱ्यात पडली होती.

त्यानंतर दोरी आपण होऊन भिंतीकडच्या बाजूला गेली. कलावती बाहेर असली तर फळीचं तोंड उन्हाकडे फिरवायचं काम आवडाबाई करू लागल्या. हिरवा ठिपका आला की खालून ओरडून सांगायच्या, "भरला गो तुजा!" खटका मात्र बातम्या संपल्यावर पडायचाच. तो त्यांचा मान होता, आणि कलावतीनेही पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

पुढच्या थंडीत आवडाबाई वर आल्या त्या जरा अवघडूनच. मोरूच्या होडीवर असाच दिवा पाहिजे होता. कंदील वाऱ्याने विझायचा. फळी त्या स्वतः घेणार होत्या, पण बांधून द्यायची कलावतीने.

"मोरूला सांगते ना, तो बांधेल," कलावती म्हणाली. तिला पाण्याची भीती वाटायची. ती मूळची जुन्नरकडची, पाणी पाहिलेलं ते विहिरीत.

"तो खिलं ठोकील न् होरीला भोक पारील. तूच ये."

कलावतीने जाड कॅनव्हासची पिशवी शिवली, काचेपुरती समोर उघडी, चारी कडांना बांधायला पट्टे, दुहेरी शिलाईचे. एका सकाळी भरतीच्या पाण्यात मोरूने होडी ओढून धरली आणि आवडाबाईंनी तिला अक्षरशः उचलून आत बसवलं. होडी डावीकडे कलली की कलावती किंचाळायची, उजवीकडे कलली की डोळे मिटायची. एका हाताने काठ धरून दुसऱ्या हाताने गाठ मारायची, म्हणजे एक गाठ मारायला चार गाठींचा वेळ. फळीवरचं ऊन सारखं निसटायचं.

"मावशी, हलवू नका ना!"

"मी कंय हलवतंय? खारी हलते. तिला सांग."

शेवटी आवडाबाईंनी तिला मागून कमरेला गच्च धरलं, बाळाला न्हाऊ घालताना धरतात तसं, आणि मग कलावतीचे दोन्ही हात मोकळे झाले. गाठी बसल्या. बॅटरी घरूनच भरून आणलेली होती, ठिपका लगेच उजळला. मोरूने शिट्टी मारली. काठावर आल्याबरोबर शेजारच्या दोन होड्यांवरच्या माणसांनी कलावतीला तिथेच गाठलं. तशाच पिशव्या त्यांनाही हव्या होत्या.

पंचाण्णवला पोपट डोंबिवलीच्या एमआयडीसीत लागला आणि तिकडे खोली शोधायची वेळ आली. आवडाबाई म्हणाल्या, मी येते बरोबर. त्या सोन्याची नथ घालून आणि ठेवणीतलं लुगडं नेसून निघाल्या. पहिल्या घरमालकाने मोरी, मोकळी हवा, पाण्याच्या वेळा, सगळं कौतुकाने दाखवलं. आवडाबाईंनी काहीच पाहिलं नाही. त्या तडक गच्चीत गेल्या आणि एकेका कोपऱ्यात उभ्या राहून तोंड वर करून आल्या.

"दुपारची शेजारची बिल्डिंग ऊन खाते," त्यांनी निकाल दिला. "नको."

दुसऱ्या जागी नारळाचं झाड आडवं आलं. तिसरे मालक, एक निवृत्त हेडक्लार्क, वैतागून म्हणाले, "अहो बाई, राहायला येणार कोण? तुम्ही, ही दोघं, की सूर्य?"

"आधी सूर्य," आवडाबाई म्हणाल्या, "मंग ही दोगं." आणि हेडक्लार्कांच्या गच्चीच्या मधोमध बसकण मारून त्यांनी कलावतीला हाक मारली, "ये गो, इकरं बस. बघ कसा चटका लागतं."