निमित्त कुत्रीचं

काकूंनी आमच्या कुत्रीला स्टीलच्या वाटीत पाणी दिलं. मला कागदी कपात.

एकच दुपार, एकच व्हरांडा. वाटी आधी आली, कप नंतर. मधल्या वेळात त्यांनी मला फक्त पूर्ण नाव आणि गाव विचारलं होतं.

नाशिकला गंगापूर रोडवरून आत वळलं की तो बंगला. वरची एक खोली भाड्याने द्यायची होती. काका बँकेतून रिटायर झालेले. मुलगा परदेशात. काकांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. फोनवर काकू फार गोड बोलल्या होत्या. कुत्री आहे म्हटल्यावर म्हणाल्या, आणा की, आमच्याकडेही ब्रूनो आहे. मांजर आहे म्हटल्यावर हसल्या. मी नर्स आहे हे ऐकून तर त्यांना आणखी बरं वाटलं. चार आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला जनावरांसकट या म्हणालं होतं.

मी आडनाव सांगितलं. काकूंनी विचारलं, नामपूरला गावात घर नेमकं कुठे? तेही सांगितलं. त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या त्या कप घेऊन. तोपर्यंत मी 'तुम्ही' होते.

"ब्रूनोला दुसरं कुत्रं चालत नाही गं," त्या म्हणाल्या. "तू दुसरीकडे बघ."

ब्रूनो तेव्हा आमच्या कुत्रीच्या पाठीवर मान टाकून पडला होता. तांबूस, गुबगुबीत लॅब्राडोर. डोळे मिटलेले.

आणि मी काय केलं? "बरोबर आहे काकू," म्हणाले. पाणी प्याले. कप कुठे टाकू ते विचारलं. त्यांनी फाटकाबाहेरच्या डब्याकडे बोट केलं. टाकून आले. वर थँक्यू म्हणाले. कपाचं एक वेळ विसरेन. त्या थँक्यूची लाज अजून जात नाही.

वडील नामपूरच्या कांदा मार्केटात हमाल होते. ही कुत्री त्यांनीच घरी आणली. पिल्लू असताना तिचा मागचा पाय ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेला. एका व्यापाऱ्याने तिला लाथेने कडेला सारलं. वडिलांनी बारदानात गुंडाळून उचलली. ती जगली. बसताना तो पाय बाजूला लांब करायची आणि मान ताठ ठेवायची, म्हणून वडील तिला 'मॅडम' म्हणायला लागले. वडील वारले तेव्हा ती आठ दिवस मार्केटच्या गेटाशी बसून राहिली. रोज संध्याकाळी मी तिला उचलून घरी आणायचे. मनी नावाचं मांजर तिच्याच पोटाशी वाढलं. एकीला ठेवून दुसरीला नेणं जमण्यासारखं नव्हतं.

आई भावाकडे मालेगावला गेली. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यात दोन लहान मुलं. जनावरं माझ्या वाट्याला आली. मला नाशिकच्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरी लागली होती. गावच्या दवाखान्यात मिळायचा त्याच्या दुप्पट पगार. तो हातात यायच्या आधीच शहर तो मागायला लागलं. जमवलेल्या पैशात एकदाच डिपॉझिट भरता आलं असतं. चुकीच्या घरात अडकले तर दुसऱ्यांदा भरायला काही नव्हतं.

ओळखीच्या माणसाच्या पिकअपमधून आलो. मागे कांद्याच्या गोण्या, त्यांच्यावर माझी पेटी, पुढे ड्रायव्हरशेजारी मी, पायात मॅडम, मांडीवर प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मनी. नाशिकमधल्या सातपूरला मावशीकडे उतरले. तिची एकच खोली, त्यात पाच माणसं. मॅडमला जिन्याखाली बांधावं लागे. महिना होत आला तसं मावशीच्या घरमालकाने सांगितलं, एक तारखेच्या आत ही जनावरं हलवा. मावशी मला काही बोलली नाही. पण भाकरी वाढताना तिचं तोंड दिसायचं.

ड्युटी सुटली की मी खोल्या बघत फिरायचे. पाय भरून यायचे. कुणाला नॉनव्हेज नको. कुणाला एकटी बाई नको. बहुतेकांना कुत्रं नको. ते मला पटायचं. कुत्र्याचे केस पडतात, ते भुंकतं, लोकांचं घर आहे. मी सगळं मॅडमच्या नावावर टाकायचे. एका घरमालकाने तर सोमवारी सामान आणा म्हणून सांगितलं होतं. आधार कार्डाचा फोटो पाठवल्यावर त्यालाही कुत्रं आठवलं. त्या दिवशी मी घरी आले आणि मॅडमला साखळीने मारलं. ती ओरडली नाही. पाय बाजूला घेऊन नुसती बघत राहिली. म्हटलं, तुझ्यामुळे. तुझ्यामुळे चाललंय हे सगळं.

खरं काय ते मला तेव्हाही कळत होतं. पण कुत्रीमुळे नकार आला म्हटलं की थोडं कमी लागायचं.

बंगल्यावरून परत आल्यानंतर चौथ्या दिवशी खोल्या दाखवणाऱ्या एजंटचा फोन आला. काकूंनी परत बोलावलंय. त्यांच्या सासूबाईंना पाठीला जखमा झाल्यात. त्यांच्या देखभालीला ठेवलेली बाई सोडून गेली. तुम्ही नर्स आहात, भाडं निम्मं करतील. जरा समजून घ्या, म्हणाला. मी आईला फोन करून सगळं सांगितलं, कपाचंही. ती म्हणाली, "बाई, ते तुले नाव दपाडाले लावतीन. नाव दपाडीसन कितला दिन ऱ्हाशी?" नाव लपवायला लावतील, किती दिवस राहशील तशी? मी म्हटलं, कुणी लपवायला सांगितलेलं नाही. आणि गेले. थकले होते. एक तारीख परवावर आली होती.

काकू मला थेट म्हातारीच्या खोलीत घेऊन गेल्या. जखमा बघितल्या आणि मी बाकीचं विसरले. माकडहाडाशी तळवा मावेल एवढा खड्डा पडला होता. हातमोजे घातले, धुतलं, ड्रेसिंग केलं, कुशीवर वळवून पाठीला उशी लावली. आजी कण्हायच्या थांबल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, हे मला सांगायलाच हवं.

मग बाहेर टेबलावर भाडेकरार ठेवला होता, एजंटही येऊन बसला होता. काकू समजावून सांगायला लागल्या. येणं-जाणं मागच्या जिन्याने. आईंची, म्हणजे सासूबाईंची, अंघोळ, कपडे, सगळं मी करायचं. स्वयंपाकघरात यायचं नाही. आईंना पाणी लागलं तर काकूंना हाक मारायची.

"फिल्टरला तेवढा हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "आम्हाला सवय नाही ना."

मी करार वाचला. माझं नाव, वडिलांचं नाव. पुढे काही नाही. आडनावाची जागा कोरी होती. एजंट म्हणाला, शेजारीपाजारी विचारतात, उगाच कशाला. कुणी विचारलं तर नुसतं सिस्टर म्हणून सांगा. काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

माझे हात अजून ओले होते. आत्ताच या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची घाण त्या हातांनी काढली होती. तेव्हा त्यांना हरकत नव्हती. हरकत फिल्टरच्या तोटीला होती. आणि माझ्या बापाने पाठीवर कांदे वाहून, मुकादमाच्या शिव्या खाऊन, मला शाळेत घालताना रजिस्टरात जे आडनाव लिहवून घेतलं, ते या कागदावरून पुसायला मी दोन बस बदलून इथवर आले होते. स्वतःच्या पायांनी.

मी पेन मागितलं. काकूंनी दिलं. कोऱ्या जागेत आडनाव लिहिलं. स्पष्ट, मोठ्या अक्षरात. कागद त्यांच्याकडे सरकवला.

"आता द्या खोली," मी म्हटलं.

काकू कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तसं काही नाही गं. ब्रूनोचा प्रॉब्लेम होईल, तेवढंच."

"ब्रूनोचं नाव पुढे करू नका. काय आहे ते सांगा."

"तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत तेच आणता."

"मी नाही आणलं. तुम्ही जागा कोरी ठेवलीत."

एजंट खिशात मोबाइल शोधत होता. मी आजींच्या खोलीत गेले. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ते एका चिठ्ठीवर लिहून उशाशी ठेवलं. त्यांच्या जखमेने माझं काही बिघडवलं नव्हतं. मग पुढच्या दाराने बाहेर पडले.

रस्त्यावर आल्यावर जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. राहायला जागा नव्हती, एवढंच खरं होतं. मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पेन मागायच्या आधी एक तारखेचा तरी विचार करायचा. तिचंही खरं होतं.

आता मी सिन्नरला राहते. एमआयडीसीच्या मागे, पत्र्याची खोली. उन्हात तापते. जाऊन-येऊन रोजचे तीन तास जातात. नाशिकच्या द्वारका चौकात शेअर जीप भरायची वाट बघत उभी असते तेव्हा कधीकधी उभ्याउभ्या डोळा लागतो. मनी सिन्नरला आल्यावर दोन महिन्यांत गेली. मॅडम आता दिवसभर एकटी असते. या सगळ्याला मी छान म्हणणार नाही. नोकरी नाशिकला आहे, मला नाशिकलाच राहायचंय. सुट्टीच्या दिवशी अजून खोल्यांना फोन करते.

पहिलं वाक्य माझं पूर्ण नाव असतं. कुत्रीचं नंतर सांगते. पलीकडे शांतता होते, ती आता मला पाठ झाली आहे. मग कुणी म्हणतं, खोली गेली. कुणी म्हणतं, घरच्यांना विचारून कळवतो.

पूर्वी इथे मी थँक्यू म्हणायचे. आता विचारते, कारण काय? ते म्हणतात, कारण असं काही नाही. मी म्हणते, नसेल तर खोली बघायला येते. असेल तर तुमच्या तोंडाने सांगा. मी ऐकतेय.

फोन मी ठेवत नाही. ठेवायचा असेल तर त्यांनी ठेवावा.