टकेटच्या वळणावर पाय टेकायला

व्हर्लिनच्या घराची पन्हाळ दर पानगळीत तुंबते आणि तो पिकअपच्या टपावर उभा राहून ती साफ करतो. माझी शिडी माझ्या कोठाराच्या भिंतीला टेकलेली असते. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती सरळ दिसते, पण इतक्या वर्षांत त्याने ती कधी मागितली नाही. एकदा मीच ती नेऊन त्याच्या अंगणात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्या भिंतीला होती आणि तिच्या खालच्या पायरीवर त्याच्या बायकोने, क्लीओने केलेल्या रानचेरीच्या मुरंब्याची बाटली होती.

व्हर्लिन ओस्टबीबद्दल मी एवढंच सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मग गेल्या पानगळीतली हकिकत राहून गेली असती.

त्याने उमेदीची सगळी वर्षं काउंटीचा बर्फ सारायचा ट्रक चालवण्यात घालवली. मोठा रस्ता मोकळा करता करता तो वाटेवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारापर्यंतच्या वाटाही मोकळ्या करून द्यायचा. कोणी आभार मानायला दारात आलं की हा ट्रक मागे घेऊन निघून जायचा. कॉफीलासुद्धा थांबायचा नाही. द्यायला हात मोकळा आणि घ्यायला मूठ बंद, असा माणूस.

मी तेव्हा टकेट म्हाताऱ्याच्या गुरांच्या रँचवर पाटकरी होतो. उन्हाळाभर गमबूट घालून, खांद्यावर फावडं टाकून कुरणांना पाणी फिरवायचं, एवढंच माझं काम. रविवारी दुपारी नदीच्या वरच्या अंगाने व्हर्लिनची हिरवी बोट यायची. वल्ह्यांवर तो आणि पुढच्या फळीला गुडघे टेकवून उभी क्लीओ. गळाला लावायची कोंबड्याच्या पिसांची आणि हरणाच्या केसांची खोटी माशी ती स्वतःच बांधायची. तिची दोरी हवेत मागेपुढे जायची तेव्हा मी फावडं थांबवून बघत राहायचो. कापलेल्या गवताचा वास, पाण्यावरचं ऊन आणि ती दोरी. पुढे बरंच काही पाहिलं, पण डोळे मिटले की अजून तेच दिसतं.

आमच्याकडे वायोमिंगमध्ये नदीचं पाणी सगळ्यांचं, पण तळ ज्याची जमीन त्याचा. बोटीत बसून कोणाच्याही रँचमधून वाहत जा, कोणी अडवत नाही. पण पाय खाली टेकला किंवा नांगर टाकला, तर दुसऱ्याच्या अंगणात शिरल्यासारखं. टकेटच्या वळणावर एका जुन्या कॉटनवुडच्या झाडाची मुळं पाण्यात उतरली होती. त्यांच्याखाली काळा-हिरवा डोह होता आणि डोहात मोठे ट्राउट मासे. क्लीओला तिथे एकदा, फार तर दोनदा माशी टाकता यायची, तोवर प्रवाह बोट पुढे ओढून न्यायचा. मग ती मान वळवून मागे बघत म्हणायची, "व्हर्लिन, मला एक दिवस इथे उभं राहायचंय. नुसतं उभं."

"बरं," व्हर्लिन म्हणायचा आणि वल्हं मारायचा. दर रविवारी तेच.

टकेट म्हातारा कोणाला नाही म्हणायचा नाही. त्याचे नियम दोनच होते. मागच्या दारावर येऊन विचारायचं आणि फाटक जसं असेल तसं ठेवून जायचं. एकदा तो मला म्हणाला, "तो हिरव्या बोटीतला माझी वाट मोकळी करून देतो ना हिवाळ्यात? मग थांबत का नाही कधी? सांग त्याला, दार वाजव म्हणावं. बायकोला बसू दे दिवसभर वळणावर."

मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं. मला असले निरोप सांगायला जमत नाही, पण सांगितलं.

व्हर्लिन म्हणाला, "विचारलं की समोरच्याला नाही म्हणायचा हक्क मिळतो."

"अरे, पण तो हो म्हणतोय!"

"मग तर उपकारच झाले."

क्लीओ चुलीपाशी होती. ती म्हणाली, "बघ एमेट, साऱ्या काउंटीचा बर्फ सारतो आणि एक दार वाजवता येत नाही या बाबाला."

तो विषय तिथेच राहिला. टकेट गेला. त्याच्या मुलांनी रँच विकली. आता तिथे पैसे भरून पाहुणे येऊन राहतात, गळ टाकतात, रात्री शेकोटीपाशी वाइन पितात. नदीचा तो सगळा काठ फक्त त्यांच्यासाठी. जुन्या लाकडी फाटकाच्या जागी आकडे दाबून उघडणारं लोखंडी फाटक आलं. ती दोघं मात्र पाण्यावरून जातच राहिली. पाणी अजून सगळ्यांचं होतं.

गेल्या वसंतात क्लीओचे दोन्ही गुडघे गेले. ती काठी घेऊन चालू शकते, पण बोटीच्या कडेवरून पाय टाकून आत चढणं आता होत नाही. हिरवी बोट ताडपत्रीखाली गेली. आता वळणावर जायचं तर जमिनीवरूनच, म्हणजे रँचमधून.

सप्टेंबरात व्हर्लिन माझ्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तर आला नाही.

"डेन्व्हरहून पोरीचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणते, त्या रँचवर राहायला जा. आईला वळणावर नेतील, सोबत माणूस देतील."

"मग?"

"दोन रात्रींच्या पैशात चालती पिकअप येते, एमेट."

"तुझ्याकडे पिकअप आहे की."

"गंमत नको करू. तू तिथे राबलायस. सांग, परवडेल का? म्हणजे, तेवढ्या किमतीचं आहे का ते?"

मी काय सांगणार? ज्या पाण्यात मी फुकट गमबूट भिजवले, त्याची किंमत मला कशी कळावी? मी म्हणालो, "मासे मोठे आहेत म्हणतात. खाद्याच्या गोळ्या घालून पोसतात."

"म्हणजे खुराड्यातल्या कोंबड्या."

"तसंच काहीसं."

"मग नको," तो म्हणाला आणि सुटल्यासारखा वळला. पण क्लीओ मागून काठी टेकत आली होती.

"नको काय? मला मासे हवेत असं कोण म्हणालं?" ती म्हणाली. "जायचं तर जाऊ, नाही तर नाही. पण पैसे भरायच्या आधी तू मागच्या दारावर जायचंस आणि विचारायचंस. टोपी काढून. टकेटला विचारायला हवं होतंस तसं."

"अगं, ते नाही म्हणतील. त्यांचा धंदाच तो आहे."

"म्हणू देत ना! मला बघायचंय तू मरतोस का."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या पिकअपमधून गेलो. मला न्यायचं कारण काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फाटकाजवळच्या फोनच्या डब्यात बोललो तेव्हा ते उघडलं. घराचं मागचं दार आता काचेचं होतं. पूर्वी त्याच्या आत आमचे चिखलाचे बूट ओळीने असायचे आणि कुत्रं त्यांच्यावर झोपायचं. व्हर्लिन दारासमोर उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग त्याने दार वाजवलं. इतक्या हळू वाजवलं की मलाही ते जेमतेम ऐकू आलं, पण आतून एक तरुण बाई आली. छातीवर नावाची पट्टी होती, ब्रिन.

"माझी बायको," व्हर्लिन म्हणाला, "तिला तुमच्या वळणावर थोडा वेळ उभं राहायचंय. राहू द्याल का?"

बाई चांगली होती. तिला खरंच वाईट वाटलं. पण इथे राहणाऱ्या पाहुण्यांशिवाय कोणाला नदीवर नेता येत नाही, मालकांचा तसा नियम आहे, असं तिने सांगितलं.

"बरं," व्हर्लिन म्हणाला. "आभारी आहे."

पिकअपमध्ये बसून त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"नाही म्हणाली," तो म्हणाला.

"हो."

"एवढंच असतं होय?"

"एवढंच."

तो समोरच्या काचेतून कोठाराकडे बघत बसला. मग म्हणाला, "टकेट हो म्हणाला असता ना?"

"तू दारापर्यंत पोचायच्या आतच," मी म्हणालो.

मग तो खाली उतरला आणि सरळ जाऊन दार वाजवलं. या वेळी चांगलं खणखणीत. एका रात्रीचं ठरवून आला.

त्या मुक्कामातलं मला फारसं माहीत नाही. क्लीओ म्हणाली की तुमचे बूट असायचे तिथे आता वाइनच्या बाटल्या निजवून ठेवल्यात आणि उशा इतक्या मऊ की व्हर्लिन रात्री जमिनीवर झोपला. पण जायच्या आधी तिने माझ्यावर एक काम टाकलं होतं. "एमेट, उद्या सकाळी हिरवी बोट घेऊन वळणावरून जा. मी कायम बोटीत होते. आपण जाताना कसे दिसायचो ते मी कधी पाहिलेलंच नाही."

वल्ह्यांना माझा हात नाही, मी पाटावरचा माणूस. तरी पुलाखाली बोट सोडली आणि देवाचं नाव घेतलं. कॉटनवुड पिवळंजर्द झालं होतं. त्याच्याखाली, नदीच्या कडेला, गुडघाभर पाण्यात क्लीओ उभी होती. व्हर्लिन मागे उभा राहून दोन्ही हातांनी तिच्या कमरेचा पट्टा घट्ट धरून होता. रँचचा माणूस काठावर बसून गवताची काडी चावत होता. क्लीओची गळाची काठी काखेत होती, दोरी गुंडाळलेलीच. ती मासा धरतच नव्हती. ती बोटीकडे बघत होती. मी जवळ आलो. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "किती छान दिसत होतो रे आपण!"

मी बोटीतून ओरडलो, "काय व्हर्लिन, परवडलं का?"

"थांब, सांगतो!"

"थांबता येतंय का त्याला, वेड्या!" क्लीओ हसायला लागली. तिच्या हसण्याने दोघंही हलले, पण त्याने पट्टा सोडला नाही. प्रवाहाने मला ओढलं आणि मी मान वळवून मागे बघत राहिलो, ती बघायची तसा. मग कॉटनवुड आड आलं.

नोव्हेंबरात एका दुपारी माझं मागचं दार वाजलं. टोपी हातात घेऊन व्हर्लिन उभा होता.

"तुझी शिडी देतोस का? पन्हाळ तुंबलीय."

"ने की."

"गुरुवारी आणून देतो."

"बरं."

शिडी खांद्यावर घेऊन तो दोन पावलं गेला आणि थांबला. "तू विचारत होतास ना, परवडलं का?" तो म्हणाला. "क्लीओ म्हणते, सूप खारट होतं. बाकी पुन्हा जाऊ म्हणते."

त्यानंतर बरेच गुरुवार गेले. शिडी अजून त्याच्या पन्हाळीखालीच उभी आहे, माझ्या खिडकीतून दिसते. तो आणून देत नाही आणि मला मागायला होत नाही. काल क्लीओने कुंपणावरून हाक मारून मला विचारलं, "काय रे एमेट, तुलाही दार वाजवायला शिकवू का?"