कोठडीतल्या आप्पाला कुंदा

दूध आटून तांबूस व्हायला लागलं, की त्या खरपूस वासाबरोबर मला पोलीस ठाण्यात उभी असलेली माझी आई आठवते. शहापुरात आमच्या गल्लीतला आप्पा मटक्याचे अड्डे चालवायचा, गोव्याची दारू चोरून आणायचा, तरी हातमागावरची माणसं माग थांबवून त्याला नमस्कार करायची. आई तेवढी नाक मुरडायची. मग एका जत्रेत तिचं मंगळसूत्र चोरीला गेलं. पोलिसांनी तिला दुपारभर बाकावर बसवलं आणि ‘उद्या या’ म्हणून घरी पाठवलं. त्याच संध्याकाळी आप्पानं मंगळसूत्र आणून तिच्या हातात ठेवलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. पुढं महिन्याभरात त्याला अटक झाली, तेव्हा ठाण्यावर गेलेल्या गल्लीतल्या बायकांच्या पुढं, दूध आटवून केलेल्या कुंद्याचा डबा घेऊन, आमची आई! कॉलेजात जाणारा मी लाजून मागं उभा. फौजदार कानडी हेल काढत तिला समजावू लागले, “आक्का, तुमचं मंगळसूत्र चोरलेला याचाच माणूस हाय.” आता आई परत फिरणार असं मला वाटलं. ती शांतपणे म्हणाली, “व्हय, म्हायती हाय की. म्हणून तर लगेच मिळालं. तुमचा माणूस असता तर मिळालं असतं काय?” कोठडीतून आप्पा खदखदून हसला. आता मी सरकारी वकील आहे. असल्या आप्पांच्या विरुद्ध उभा राहतो, पण त्यांच्या बाजूनं साक्षीला गल्लीतली कुणी बाई आली, की उलटतपासणी दोन प्रश्नांत उरकतो.