रेतीचा आडोसा

ती हसली की साहेबही हसायचे. मी हसले की विचारायचे, "झालं का गणित?" माझ्या पोटात दुखायला लागलं ते इथून.

ऑफिस माजिवड्याला. आम्ही दोघी डोंबिवलीच्या, एकदमच नोकरीला लागलेल्या, टेबलं शेजारी शेजारी. आंबिवलीजवळ नदीवर पूल व्हायचा होता आणि पुरात तळातला किती गाळ वाहून जाईल ते आम्हाला काढायचं होतं. त्यावरून खांबांचा पाया किती खोल ते ठरणार. साहेब म्हणाले, जिचं गणित जुळेल तिच्याकडे काम. मला ते हवंच होतं. तिला मिळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

मी तळातला माल चाळण्यांमधून चाळून घेतला. रेती वेगळी, खडी वेगळी, गोटे वेगळे. मग प्रत्येकाचं स्वतंत्र गणित मांडलं, जणू नदीत दुसरं कोणी नाहीच. उत्तर आलं, रेती सगळी जाणार, गोटे जागचे हलणार नाहीत. तक्ता इतका देखणा झाला की मी उगाचच रंगीत प्रिंट काढली.

तिने तो पाहिला आणि म्हणाली, "अगं, पण हे सगळे एकत्र असतात ना? रेती गोट्यांच्या आडोशाला बसते, तिला पाणी नीट लागतच नाही. गोटा मात्र डोकं वर काढून उभा, सगळा मार त्यालाच. मग तोही सुटतो." तिने प्रत्येक आकाराला तशी दुरुस्ती लावली. मागच्या पुरानंतर तळाची मोजणी झाली होती, त्या मोजणीशी तिचं उत्तर जुळलं. माझं नाही.

तिने पेढे आणले. मी दोन खाल्ले आणि दिवसभर जळफळत बसले.

पुढे ठेकेदाराबरोबरच्या प्रत्येक बैठकीत ती पुढे उभी आणि मी तिच्या मागे लॅपटॉप धरून. पाया इतका खोल कशाला म्हणून तो तिच्यावर ओरडायचा, ती शांतपणे समजावत राहायची. मला वाटायचं, मिरवतेय नुसती. असं ओरडून घ्यायलाही नशीब लागतं!

मग तिला पुण्यात मोठी नोकरी लागली आणि ती गेली. मला इतका आनंद झाला की तिच्या निरोपाचा केक मीच कापायला घेतला. काम आपोआप माझ्याकडे आलं. खिडकीजवळची तिची खुर्चीसुद्धा मी त्याच दिवशी ओढून घेतली.

पुढच्याच बैठकीत ठेकेदाराने टेबलावर हात आपटला. "हे आकडे काढले कुणी? पाया इतका खोल कशाला?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने तिच्या पाठीमागे सरकले, आणि पाठ तिथे नव्हती.