बंद मोटेलमधला तेजस

नीरजा रेल्वेच्या ऑफिसात कारकून. आजोबा नोकरीसाठी झाशीला आले, तेव्हापासून घर सीपरी बाजारातच. तिनं लग्न केलं नाही. आईवडील गेले आणि धाकटा भाऊ तेजस तेवढा उरला. त्याला कसलेकसले आवाज ऐकू यायचे. गोळ्या चालू असल्या की बरा असायचा. गेल्या श्रावणात त्यानं गोळ्या सोडल्या आणि एका सकाळी घर सोडून गेला.

तीन महिन्यांनी ओळखीचा ऑटोवाला मुकेश म्हणाला, "दीदी, शिवपुरी रोड पर वो मोटेल बंद पड़ा है ना, वहाँ भैया जैसा कोई दिखा।" बायपास झाल्यापासून तिकडे कुणी थांबत नव्हतं.

रविवारी दुपारी ती मुकेशच्या ऑटोनं गेली. फाटकाला कुलूप, पण शेजारची भिंत ढासळलेली. आत काउंटरवर कबुतरांची घाण. खोल्यांची दारं कुणी काढून नेलेली, न्हाणीतले नळसुद्धा उपटलेले. एकेक खोली बघत ती पुढे गेली. टोकाची खोली मात्र स्वच्छ झाडलेली होती. आत तेजस पोत्यावर बसला होता, दाढी छातीपर्यंत वाढलेली.

"ताई, चप्पल बाहेर काढ."

तिनं काढली. "घरी चल रे."

"कसा येऊ? माणसं मुक्कामाला येतात. कुणीतरी पाहिजे ना इथं."

तिनं हात धरला, तसा तो भिंतीला चिकटून थरथरायला लागला. तिनं हात सोडला.

पोलीस म्हणाले, पस्तिशीचा माणूस आहे, मर्जीनं राहतोय, आम्ही काय करणार? डॉक्टर म्हणाले, आधी त्यांना घेऊन या. मग ती दर रविवारी डबा नेऊ लागली. भाजीत गोळी कुस्करून घालायची. तो भाजीला हातही लावायचा नाही, कोरडी पोळी खायचा.

फाल्गुनात ती गेली, तर जेसीबी भिंती पाडत होता. तिनं मुकादमाला विचारलं.

"एक बाबा था। सुबह झोला उठाके निकल गया।"

"किधर?"

"ध्यान नहीं दिया, बहनजी।"

तिनं आणि मुकेशनं संध्याकाळपर्यंत रस्त्यावरचे सगळे ढाबे पालथे घातले. कुणी त्याला पाहिलं नव्हतं.

अजूनही रविवारी मुकेश दाराशी ऑटो आणतो. नीरजा डबा घेऊन बसते. "किधर चलें, दीदी?" तो विचारतो.