खोट तुझ्याच कॉम्प्युटरात आहे!

आता हा येडेपणा कोणत्या तोंडाने सांगू? पण चहा समोर आहे अन् तुम्ही ऐकून राहिले, तर सांगूनच टाकतो. हसा खुशाल. माझी बहीण वनिता मात्र यावर अजून मोकळी हसत नाही.

गोंदियात ब्रॉडबँड नवीन आलं होतं तेव्हाची गोष्ट. फुलचूरच्या घरी मी कॉम्प्युटर घेतला, तीन महिन्यांचा कोर्स केला आणि सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर टांगलं. पाहणाऱ्याला वाटावं, कॉम्प्युटर यानंच शोधला!

वनिता नवऱ्यासोबत मस्कतला राहायची. तिचा पोरगा अंशू वर्षाचा. दर रविवारी सकाळी बाबा त्यांच्या मुर्री गावच्या घरून माझ्याकडे यायचे, लेकीशी बोलायला. बाबांना कमी ऐकू येतं. म्हणून मी दोन दणकट स्पीकर आणले, आवाज फुल्ल केला आणि दांडीवाला माइक ठेवला... कुठं? थेट स्पीकरच्या डोक्यावर! टेबलावर जागाच नव्हती ना बावा!

पहिल्याच रविवारी वनिता म्हणाली, "दादा, माझाच आवाज मला परत ऐकू येऊन राहिला. मी हॅलो म्हटलं की मीच मला हॅलो म्हणते!"

"माझ्याकडं तर एकदम साफ आहे. खोट तुझ्याच कॉम्प्युटरात आहे."

सांगा, माझं काय चुकलं? ज्याचं पोट दुखते, औषध त्यालेच देतात ना?

तिनं नवा माइक आणला. आवाज घुमतोच. हेडफोन आणला. तरी घुमतोच. इकडे मी हुशारी करून माइकचा जोर वाढवणारी सेटिंग चालू केली, तर स्पीकरमधून अशी 'कुईंऽऽऽ' किंकाळी निघाली की बाबांनासुद्धा ऐकू आली!

"गाडी आली का रे?" बाबा म्हणाले.

तरी मला अक्कल आली नाही. "वनिता, तुझ्याकडं व्हायरस घुसला. फॉरमॅट मार."

"यात अंशूचे फोटो आहेत, दादा. जन्मापासूनचे सगळे. आधी सीडीवर घेऊ का?"

"काही जात नाही फोटो. कायले भेतेस? मी कोर्स केला आहे ना!"

कोर्समध्ये सांगितलं होतं की दुसऱ्या ड्राइव्हमधलं काही जात नाही. तिचे फोटो समोरच डेस्कटॉपवर होते, म्हणजे फॉरमॅटमध्ये पुसल्या जाणाऱ्याच ड्राइव्हमध्ये. फोटो कुठं ठेवले, हे मी विचारलंच नाही.

पुढच्या रविवारी ती हळूच बोलली, "सगळे गेले, दादा."

आवाज अजून घुमतच होता. म्हणजे 'सगळे गेले' हे तिला दोनदा ऐकावं लागलं.

मी काय म्हणालो असेन? "पाहा, व्हायरस किती जबर होता!"

त्यानंतर एका रविवारी बोलणं चालू असतानाच बायकोला चटणी वाटायची होती. तिनं स्पीकरचा प्लग उपटला आणि मिक्सरचा लावला. वनिता एकदम मुकी झाली.

"काऊन बंद पडली पोरगी?" बाबा घाबरले.

तेवढ्यात स्क्रीनवर तिची अक्षरं उमटली : दादा, आता आवाज घुमत नाही! काय केलं?

मी स्पीकरकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावरच्या माइककडे पाहिलं. तिचा आवाज माझ्या स्पीकरमधून माझ्या माइकात शिरत होता आणि मस्कतला परत जात होता. व्हायरस नव्हताच. होता तो मीच, सर्टिफिकेटवाला!

थाप मारायचा मोह झाला. पण प्लग परत लावला, आवाज कमी केला, माइक दूर खिडकीत ठेवला आणि खरं सांगून टाकलं. वनिता म्हणाली, "अंशूचं पहिलं पाऊल होतं त्यात."

बाबांनी विचारलं, "काय म्हणते रे?" मी उठून भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवलं.

अंशू आता कॉलेजात आहे. बारशाचा एक फोटो पोस्टानं मुर्रीला आला होता, तेवढा वाचला. लहानपणीचे फोटो मागितले की वनिता त्याला सांगते, "मामाले विचार."

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, आमचा फ्रिज थंड करत नाही."

"मग मेकॅनिक बोलाव ना! मी काय करू?"

"बोलावते. पण आधी तू तुझ्या घरचं जे जे चालू आहे, ते बंद करून पाहा बरं!"